आक्का आणि न जुळलेली फाइल

आक्का फाइलचे नाव कधी विचारातच घेत नसे. "नावाचं काय घेऊन बसलीस? शहराचं नाव बदललं म्हणून नळाला रोज पाणी यायला लागलं का?" असे म्हणून ती सरळ हॅश काढी. हॅश म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा; एक अक्षर बदलले तरी सगळा ठसा बदलतो. मूळ सॉफ्टवेअर पॅकेजमधल्या ठशाशी तो जुळला, तरच फाइल अस्सल. माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी मोठी असलेली ही मुलगी चिकलठाण्याच्या आमच्या संगणक-सुरक्षा तपासणाऱ्या कंपनीत सर्वांची आक्का होती. विद्यापीठात पहिली आलेली मी नुसतीच 'मॅडम'. ते मला खुपत असे.

तिच्यावर मात करायची म्हणून ठसे जुळवणारा, तिच्या पद्धतीहून कितीतरी वेगवान प्रोग्रॅम मी लिहिला. "लई भारी," ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून तोच वापरू लागली. हेवा करणाऱ्याला असा प्रतिस्पर्धी परवडत नाही.

तपासणी विभागाचे प्रमुखपद रिकामे झाले, तेव्हा आम्हा दोघींचीच नावे चर्चेत होती. त्याच सुमारास वाळूजच्या एका कारखान्यातल्या संगणकात कोणी बाहेरचे शिरल्याचा संशय आला. हजारो फाइल्स जुळल्या, एक जुळेना. मी अहवालात नियमाप्रमाणे लिहिले: सर्व सॉफ्टवेअर पुन्हा बसवा. म्हणजे त्या संगणकावर चालणारे यंत्र आणखी दोन दिवस बंद. आक्काने ती फाइल उघडून पाहिली आणि तिथल्या ऑपरेटरला फोन लावला.

"दादा, दसऱ्याला मशीनची पूजा केली, तवा फाइलमदी वर 'श्री' तुम्हीच लिव्हलं का?"

"व्हय आक्का. वहीवर लिव्हतो तसंच लिव्हलं. चुकलं का?"

"चुकलं नाय. पण येत्या दसऱ्याला कुंकू मशीनलाच लावा, फाइलला नको."

त्याच्या शब्दावर ती विसंबली नाही. फाइलच्या प्रतीमधून तेवढीच ओळ काढून तिने पुन्हा हॅश काढला. जुळला. ती ओळ मीही वाचली होती. ती कोणी लिहिली, हे विचारावेसे मात्र मला वाटले नव्हते. तपासणीसाठी थांबवलेले यंत्र त्याच दुपारी सुरू झाले. पद तिला मिळाले.

पुढे ती बंगळुरूला गेली. निघताना माझ्यादेखत साहेबांना म्हणाली, "हिलाच द्या. माझ्यापेक्षा हुशार हाय ही." आज त्या खुर्चीवर मी बसते. ती खुर्ची मला आक्काकडून जिंकायची होती. डब्यातली भाकरी पुढे सरकवावी तशी तिने ती माझ्याकडे सरकवली, आणि जिंकण्यासारखे काही शिल्लकच ठेवले नाही.