रेडा गेला, झाडं राहिली

माझ्या सासऱ्यांच्या गिरीजच्या वाडीत गांज्याची दोन झाडं होती, आणि ती रेड्याची होती. हे मी कोर्टातही सांगितलं असतं, पण रेड्याची साक्ष घ्यायची सोय कायद्यात नाही. रहाटाला जुंपलेला तो रेडा म्हणजे काळा डोंगर. तो विहिरीभोवती फिरायला लागला की शेजारच्या वाड्यांतल्या कोंबड्यांना चक्कर यायची. ओला चारा खाऊन त्याचं पोट फुगलं, की सासरे मूठभर गांज्याची पानं गुळात कोंबून त्याला चारायचे. मग तो असा रहाट ओढायचा, की पाटाचं पाणी केळी भिजवून थेट कळंबच्या समुद्रात जाऊन पडायचं. सासऱ्यांच्या वडिलांनी हेच केलं होतं, आजोबांनीही. घरात चिलीम कुणी पाहिलेली नव्हती. सासऱ्यांचं व्यसन एकच, वाडीतल्या पानवेलीचं पान, तेही चुना कमी.

मी जावई होऊन आलो तो काळ सत्तरच्या दशकाचा. गांज्याला तेव्हाही बंदी होतीच, दारूबंदीच्या कायद्यातच तो गुंडाळलेला होता. पण ती बंदी गरीब होती. हवालदार अधूनमधून यायचा, झाडांकडे पाठ करून बसायचा, चहा प्यायचा आणि केळ्यांचा एक लोंगर सायकलला बांधून निघून जायचा. तेवढ्यात कायद्याचं पोट भरायचं.

मग वाडीत विजेचा पंप आला आणि त्याच वर्षी रेडा मेला. अपमानाने मेला, असं मी आजही मानतो. त्याचे दिवस झाल्यावर सासऱ्यांनी कुदळ उचलली आणि झाडांच्या बुंध्याशी पहिला घाव घातला, तोच हवालदार फाटकातून आत आला.

"काका, हे काय आरंभलंत?"

"उपटतोय. रेडा गेला."

"रेडा गेला. आम्ही आहोत ना अजून."

मग तो ओट्यावर बसला आणि लग्न जमवणाऱ्या मामाच्या सबुरीने त्याने सगळं समजावलं. वरच्या ऑफिसला दर वर्षी ठरावीक केसेस लागतात. नाही दिल्या तर त्याची बदली चांद्याच्या जंगलात. आणि केस द्यायची तर अशा घरची द्यावी, जिथले लोक पळत नाहीत, शिव्या देत नाहीत आणि पंचांना चहा पाजतात.

"दंड लहान असतो, काका. तोही तुम्ही भरायचा नाही. वखारवाले शेठ भरतील."

"ते का भरतील?"

"त्यांचं मन मोठं आहे."

मन किती मोठं, ते मी पाहून आलो. कामणच्या रस्त्याला शेठची गवताची वखार होती. मुंबईच्या तबेल्यांना तिथून ट्रक भरून गवत जायचं. वरच्या गठड्या म्हशींच्या, मधल्या गठड्यांतलं गवत निराळ्या जातीचं, दूरच्या मुलखातून आलेलं. म्हशी ते कधी खात नसत. दर वर्षी सासऱ्यांचं एक झाड पकडलं जायचं, कागदावर कारवाई दिसायची आणि वखारीच्या फाटकावर पोलिसाची सावलीसुद्धा पडायची नाही.

त्या झाडांवर किती चुली पेटल्या, विचारू नका. एक पंच होता, टपरीवर बसूनच असायचा. त्याच्याकडे दोन सदरे होते, म्हणजे दोन पंचनाम्यांत तो दोन माणसं व्हायचा. वकील होता, तो सासऱ्यांच्या वतीने मान खाली घालायचा. पकडलेलं झाड मोहोरबंद होऊन जायचं आणि वखारीत जाऊन सुटं व्हायचं. मी तर पैजेवर सांगतो, एकच झाड तीन वर्षं तीन केसेसमध्ये पकडलं गेलं. शेवटी शेवटी ते हवालदाराला पाहून आपणहून वाकायचं. सगळ्यांना काही ना काही मिळायचं. पिकवणाऱ्याला तारीख मिळायची.

सासरे दर तारखेला धुवट धोतर नेसून जायचे आणि परत येताना एकच म्हणायचे, "पुढच्या पावसाआधी काढून टाकतो. माझ्या वाडीत मला हे नको." पाऊस यायचा, हवालदारही यायचा.

पंच्याऐंशीत दिल्लीने नवा कायदा केला. दंडाचे दिवस गेले, वर्षानुवर्षांचा तुरुंग आला. मला वाटलं, आता धंदा बसला. धंदा उठून उभा राहिला आणि नाचायला लागला. गांज्याचा भाव चढला, डोळेझाक करण्याचा भाव त्याच्याही वर चढला. हवालदार सायकलवरून मोटरसायकलवर आला. शेठच्या दारात नवा ट्रक उभा राहिला. सदरेवाल्या पंचाने तिसरा सदरा शिवला.

सासऱ्यांनी मात्र कायद्याची बातमी आली त्याच दुपारी दोन्ही झाडं मुळासकट उपटून जाळली. धूर असा पसरला, की माडावरचे कावळे रांगेत बसून एकमेकांची विचारपूस करायला लागले. सासूबाई ओट्यावर बसून हसत होत्या, कशाला ते त्यांनाही कळत नव्हतं. त्या घरात मी ऐकलेलं ते शेवटचं हसू.

पावसाच्या दोन सरी पडल्या आणि केळीच्या ओळींमधून रोपं वर आली. दोरी धरून लावल्यासारखी, सरळ. सासरे त्यांच्यासमोर बराच वेळ उकिडवे बसले.

"जावई, मी जन्मात एवढी सरळ ओळ लावली नाही."

त्यांनी उपटली. आठवड्याने पुन्हा आली, आता पानवेलीच्या मांडवाखाली. मी तडक हवालदाराला गाठलं. म्हटलं, म्हातारा तुरुंगात मरेल.

तो चिडला नाही. "जावई, ही जागा मिळवायला मी काय काय विकलंय, ते तुम्हाला सांगत नाही. मी नाही म्हटलं तर माझ्या जागी उद्या दुसरा येईल, आणि त्याला केळीसुद्धा आवडत नसतील." मग हळूच म्हणाला, "एक वाट आहे. शेठ आता जमिनी घेताहेत. वाडी देऊन टाका. दुसऱ्याच्या जमिनीत काय उगवतं, त्याचा काकांना त्रास नाही."

सासऱ्यांनी ऐकून घेतलं आणि वाडीत गेले. त्या दिवसापासून ते गुडघ्यांवर रांगत वाडी तपासायला लागले, उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत. केळ्यांचे लोंगर झाडावर पिकून पडले. पानवेलींना पाणी नाही, मांडव वाळला. मी सोबत रांगलो, गडी रांगले, पण त्यांचा आमच्या डोळ्यांवर विश्वास नव्हता. दसऱ्यासाठी सासूबाईंनी झेंडू लावला होता. झेंडूचं कोवळं पान कातरलेलं असतं, गांज्यासारखंच. एका सकाळी सगळा वाफा उपटलेला दिसला. सासरे कडेला बसले होते, हात मातीचे.

"झेंडू होता हो," सासूबाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी एक रोप उचलून हुंगलं, खाली ठेवलं. "बोलव त्या शेठला," एवढंच ते मला म्हणाले.

वाडी गेली. विहीर बुजली आणि रहाटाच्या जागेवर इमारतीचा जिना आला. हवालदाराने पहिल्या मजल्यावर खोली घेतली. वखार आहे तिथेच आहे, आणि केसेससाठी दुसऱ्या गावच्या कुठल्या तरी म्हाताऱ्याची वाडी सापडली असं ऐकतो.

सासरे आमच्याकडे भाड्याच्या घरात राहायला आले. गॅलरीत सासूबाईंची तुळशीची कुंडी आहे, म्हणजे नुसती माती भरलेली कुंडी आहे. तुळस त्यात टिकत नाही. सासूबाई बी टाकतात, हिरवा ठिपका वर येतो, आणि सासरे सकाळी उठून तो चिमटीत धरून काढून टाकतात. पान उमलून ओळख पटेपर्यंत थांबायचं त्यांच्याने होत नाही. सासूबाई आता मातीलाच हळदकुंकू वाहतात.