गुरुजींची कोरी गाडी

ती घटना आठवायची नाही असं मी पुष्कळदा ठरवतो. पण रस्त्यानं एखादी जुनी, नीट जपलेली गाडी गेली की ती आठवतेच, आणि त्या दिवशी जेवण गोड लागत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातलं काहीच मला एवढं डाचत नाही. कागदावर ही साधी वाहनचोरी होती, आणि कागदावर ती मी चार दिवसांत उघडकीस आणली होती.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना एक निवृत्त मुख्याध्यापक फिर्याद द्यायला आले. सत्तरी ओलांडलेली, इस्त्रीचा सदरा, हातात गाडीचे सगळे कागद ओळीनं लावलेली फाईल. गाव त्यांना गुरुजी म्हणायचं, मीही तेच म्हणतो. आदल्या दिवशी ते डोळे तपासायला परभणीला गेले होते. परत आले तर घरामागच्या शेडमधली अँबेसेडर नाही. ठाणे अंमलदारानं विचारलं, किती जुनी? छत्तीस वर्षं, गुरुजी म्हणाले. अंमलदार हसला, म्हणाला, मग भंगारवाल्यानं नेली असेल. गुरुजींनी फाईलमधून फोटो काढून टेबलावर ठेवला. अंमलदाराचं हसू गेलं.

फोटो महिन्यापूर्वीचा होता आणि त्यातली गाडी आजच शोरूममधून आणल्यासारखी होती. फिकट आकाशी रंग, कुठे ओरखडा नाही. मागच्या काचेवर विक्रेत्याचं स्टिकर तसंच. मी जन्मभर सरकारी जीपमध्ये हाडं खिळखिळी करून घेतलेला माणूस, पण तो फोटो मी उगाच दोनदा पाहिला. गुरुजींनी नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट पाहून ती घेतली होती. दर शनिवारी दहा मिनिटं इंजिन चालू करायचे. पावसाळ्यात चाकांखाली सागवानी फळ्या सरकवायचे. ओल्या रस्त्यावर ती कधी उतरली नाही. मी विचारलं, चालवायची नाही तर ठेवायची कशाला? ते म्हणाले की घरातली प्रत्येक वस्तू झिजताना पाहिली, ही एक तरी आणली तशी ठेवून दाखवायची होती.

पंचनाम्याला शेडमध्ये गेलो. कुलूप तोडलेलं नव्हतं, किल्लीनं उघडलेलं होतं. चोरीच्या जागी काय नाही हे पाहायची मला सवय आहे. भिंतीवर एक मोकळा खिळा होता आणि त्याखाली चुन्याचा पांढरा चौकोन. इथं काय होतं, मी विचारलं. गुरुजी सहज बोलून गेले, की पायताणाची पिशवी. त्या गाडीत चप्पल घालून कुणी बसायचं नाही असा घरचा नियम होता. चपला पिशवीत घालायच्या, पिशवी डिकीत ठेवायची, मग अनवाणी पायांनी आत. हे सांगता सांगता ते मध्येच थांबले. परका चोर कापडी पिशवीला हात लावणार नाही, हे त्यांना माझ्याबरोबरच उमगलं. त्या घरात त्यांच्याशिवाय एकच माणूस राहत होता, त्यांचा मुलगा.

"साहेब, राहू द्या आता," ते म्हणाले. "गेली तर गेली."

इथं मी थांबू शकलो असतो. गैरसमजातून फिर्याद दिली असा अहवाल पाठवून प्रकरण मिटवण्याची सोय कायद्यात आहे. पण पुढच्या आठवड्यात जिल्ह्याची गुन्हे बैठक होती आणि माझ्या ठाण्याचे उघडकीस न आलेले गुन्हे जास्त होते. मी गुरुजींना ठणकावून सांगितलं की एकदा गुन्हा दाखल झाला की तो तुमचा राहत नाही, सरकारचा होतो.

तिसऱ्या दिवशी खबर आली. गंगाखेड रस्त्यावर पंक्चरचं दुकान चालवणारा आमचा एक जुना खबऱ्या होता. त्यानं सांगितलं, "साहेब, निळी गाडी होती, लय देखणी. पण मानूस अनवाणी उतरला. माझ्या इथं खिळे पडलेले, तरी तसाच उभा. हवा किती भरायची ते बी त्यानंच सांगितलं." तिथून पुढे दोन कोसांवर एका बंद गोदामात गाडी सापडली. चाकांखाली फळ्या होत्या. वर धुतलेली चादर होती.

मुलाला ठाण्यात आणलं. पस्तिशीचा, एका कॉलेजात कारकून. असल्या माणसावर आवाज चढवावा लागत नाही. मी त्याला चहा दिला आणि गप्प बसलो. अर्ध्या तासानं तो बोलायला लागला. जुन्या गाड्यांच्या एका शौकीन माणसाला, हैदराबादच्या, त्यानं गाडी विकली होती, वडिलांची खोटी सही करून. ट्रक आला की गाडी जाणार होती.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात त्याच्या आईच्या छातीत दुखायला लागलं. रस्ता चिखलानं भरलेला. गुरुजींनी गाडी काढली नाही, रिक्षा बोलवायला याला पाठवलं. दवाखान्यात पोचेपर्यंत आई गेली. लवकर पोचलो असतो तरी काही झालं नसतं असं डॉक्टर म्हणाले होते, पण ते मुलाला कधीच पटलं नाही.

"मला पैशे नव्हते पाहिजे साहेब. ती दारातून जावी, येवढंच पाहिजे होतं."

मग दगड घालून फोडायची, मी म्हणालो.

"हात उठला न्हाई. लहानपनापासून पुसलेली हाय मी ती. म्हनून तिला नीट ठेवील असा मानूस शोधला."

हैदराबादच्या माणसाचाही जबाब घेतला. त्यानं मला एक गोष्ट समजावली. रंग पुन्हा कितीदाही देता येतो, पण कारखान्यातून निघालेला रंग एकदाच असतो, आणि तो टिकवलेल्या गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात. मी मान डोलावली आणि गाडी जप्त केली.

ठाण्याच्या आवारात आमच्या हवालदारानं नेहमीप्रमाणे तेलरंगाचा डबा आणला आणि बॉनेटवर गुन्ह्याचा नंबर घातला. जप्त वाहनावर नंबर घालतातच, मी रोज पाहायचो. गुरुजी तेव्हा फाटकाशी उभे होते. ते वळले आणि चालत घरी गेले.

गाडी परत मिळवायची तर गुरुजींना कोर्टात शपथेवर सांगावं लागणार होतं की मुलानं ती आपल्या परवानगीशिवाय नेली. तसं सांगितलं की मुलगा तुरुंगात आणि नोकरी गेली. परवानगी होती म्हटलं की मुलगा सुटणार, पण गाडी हैदराबादच्या माणसाची. त्यांनी ताब्यासाठी अर्जच केला नाही. खटला अडीच वर्षं चालला. तेवढे दिवस गाडी उघड्यावर उभी होती. उन्हानं रंग फुटला, टायर बसले, उंदरांनी सीट पोखरल्या, आकाशी पत्र्याला खालून गंज धरला. दर शनिवारी गुरुजी यायचे, लांबून पाहायचे आणि जायचे. एकदा मी शिपायाला ताडपत्री टाकायला सांगितलं. पुढच्या वादळात ती उडाली, आणि पुन्हा टाकायला सांगायचं माझ्याकडून राहून गेलं.

शेवटी गुरुजी साक्षीला उभे राहिले आणि म्हणाले, सही माझीच आहे. सरकारी वकिलांनी त्यांना फितूर ठरवलं. मुलगा निर्दोष सुटला. त्याच आठवड्यात त्यानं बाहेरगावी नोकरी धरली आणि घर सोडलं. बापानं आपल्यासाठी खोटं बोललेलं त्याला सहन झालं नसावं. हैदराबादचा माणूस गाडी पाहायला आला, एक फेरी मारली आणि हक्क सोडल्याचं लिहून दिलं. मला हवी होती ती गाडी ही नव्हे, एवढंच म्हणाला. त्यामुळे गाडी मूळ मालकाला परत द्यायचा हुकूम झाला.

लोक विचारतात, नोकरीनं काय शिकवलं? या प्रकरणानं मला शिकवलं की चोरानं जपलेली वस्तू पोलिसांनी नासवली, तर त्याला कलम नाही. काही माणसं एखादी वस्तू वेडेपणानं जपतात, त्यापायी घरच्यांवर अन्यायही करतात. पण तो हिशेब त्या घराचा होता. मी मध्ये पडलो आणि बाप, मुलगा, गाडी, तिघांचीही माती केली. यातून काही चांगलं निघालं असं मला आजही सांगता येत नाही.

गाडी ओढून न्यायला गुरुजी ट्रॅक्टर घेऊन आले होते. ताबा पावतीचा आमचा छापील नमुना असतो. त्यांनी चष्मा लावून तो मुख्याध्यापकासारखा वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "वरील मुद्देमाल मला सुस्थितीत मिळाला."

"साहेब, हे खोटं हाय," ते म्हणाले.

मी म्हणालो की नमुना छापील आहे, सगळेच सही करतात, सहीशिवाय गाडी सोडता येत नाही. त्यांनी एकदा आवारातल्या गाडीकडे पाहिलं. मग त्यांनी सही केली, सुबक अक्षरात, तारखेसह. पावतीवर ताबा देणाऱ्याचीही सही लागते. त्या वाक्याखाली दुसरी सही माझी आहे.