मामांचा बसायचा दगड

जगातले झाडून सगळे देव आमच्या मामासासऱ्यांच्या ओळखीचे होते. नमस्कार मात्र त्यांनी एकालाही कधी केला नाही. चिंचवडला मास्तरकी करून निवृत्त झालेला हा गृहस्थ बाबिलोनबद्दल असा बोले, की ऐकणाऱ्याला ते देहूरोडच्या पुढचं स्टेशन वाटावं. देव आधी माणसाच्या गरजेतून निघतो आणि कथा त्याला मागाहून चिकटते, हे त्यांचं ठाम मत. ते मांडायला त्यांना वेळकाळ लागत नसे. माझ्या आजोबांच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना, सगळे नदीकाठी ताटकळलेले, तेव्हा हे म्हणाले, "इजिप्तात मेलेल्याला भांडीकुंडी, सोनंनाणं बरोबर देत. आपण भाताच्या गोळ्यावर भागवतो, मग तो रुसणारच!" माझ्या वडिलांनी त्यांना वर्षभर घराची पायरी चढू दिली नाही.

ही व्याख्यानं रोज संध्याकाळी पिंपरीच्या वाटेवर, बाभळीखालच्या एका दगडावर बसून चालत. मामांचे गुडघे आखडलेले. जमिनीवर बसले की उठता येत नसे. तो दगड मात्र बरोबर त्यांच्या मापाचा होता. श्रोते म्हणजे मी आणि दोन-तीन म्हशी. स्वातंत्र्यानंतर पाच-सहा वर्षांनी पिंपरीत कारखाना आला, रस्ता रुंद करायचं ठरलं आणि मुकादमाने दगडावर चुन्याची फुली मारली. मामा दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर दगडाला शेंदूर फासलेला, वर झेंडूचं फूल! मामांच्या धोतरालाही शेंदूर लागला होता.

मजुरांनी पहारी खाली ठेवून हात जोडले. आठवड्याभरात नारळ फुटू लागले आणि रस्ता दगडाला वळसा घालून पुढे गेला. मामा विजयी मुद्रेने बसायला निघाले, तोच एक म्हातारी कडाडली, "आवं मास्तर, देवावर बसताय व्हय? पांडवांच्या येळचा हाय त्यो!"

पुढची तीन वर्षं मामांनी देवांची उत्पत्ती उभ्याने सांगितली. गुडघे पार गेले तेव्हा एका संध्याकाळी मला म्हणाले, "जावईबापू, कोणी बघतंय का?" वाट रिकामी होती.

"बसा मामा," मी म्हणालो.

त्यांनी धोतर सावरलं, दगडाकडे पाहिलं आणि कण्हत शेजारच्या मातीत बसले. "राहू दे. काल एक बाई आजारी पोराला घेऊन याच्यापुढे रडत होती."

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. तिथून जाताना मीही हात जोडतो, आणि त्या दिवशी त्यांना हट्टाने वर बसवायला हवं होतं, असं वाटून जीव हळहळतो.