तलावाचा डाव

चिचगडच्या उमरावने बुद्धिबळाच्या पटात तलाव खणला. पिढ्यानपिढ्या तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजातला माणूस, दुसरं काय करणार? पटाच्या मधली चार घरं म्हणजे पाणी. तिथे कोणत्याही मोहऱ्याने थांबायचं नाही. डावात एकदा प्रत्येकाने तलावाचं दार उघडायचं, की त्याचं सगळ्यात मागे राहिलेलं प्यादं दोन घरं पुढे सरकतं. गावची रीतच तशी, टोकाच्या बांधीला, म्हणजे शेवटच्या धानाच्या तुकड्याला, पाणी आधी. बायको राखी म्हणायची, "धान निंदाचं सोडून हे घोड्यायले पाणी पाजून राहिले."

पण खेळ चालला. व्हॉट्सॲपवर नागपूर-रायपूरचे हौशी जमले, पटाचे फोटो टाकून सामने रंगू लागले. घड्याळ नव्हतं. उमरावचा एकच नियम कडक होता: पाण्याची पाळी ज्याची, तो येईपर्यंत पाट कोणी वळवत नाही, चालीचंही तसंच. समोरच्याला टोचायचं नाही. खरं तर हा नियम त्याने दरेकसाच्या केशोरावांसाठी केला होता, कारण त्या डोंगरात रेंज मनाला येईल तेव्हा यायची.

केशोराव रेल्वेतून निवृत्त झालेले, एकटे राहणारे म्हातारे. दोघे कधी भेटले नव्हते. तरी प्रत्येक चालीखाली ते लिहायचे, "जेवलास का?" बाप गेल्यापासून उमरावला असं विचारणारं कोणी नव्हतं. त्याला ते फार आवडायचं, पण उलट विचारायचं त्याच्या कधी डोक्यात आलं नाही.

यंदा सामन्याचा शेवटचा डाव या दोघांत लागला आणि ऐन रंगात केशोरावांची चाल येईना. गटात कोणी म्हणालं, फोन तरी लावा. उमराव भडकला. "चाल त्यायची हाये. घाई कायले करता?" राखीनेही सांगून पाहिलं, "मतारा मानूस हाये, जाऊन पाहा ना." तो म्हणाला, नेटवर्क नसेल. आपल्याच नियमाचा कोण अभिमान त्याला.

धान निसवलं, लोंब्या बाहेर आल्या, तेव्हा केशोरावांच्या नंबरवरून फोन आला. बोलत होती त्यांची सून दुर्गेश्वरी, सेवेला येऊन राहिलेली. "बाबा गेले. लकव्यानं हात गेला होता, मोबाईल चालवता येत नव्हता. घंटी वाजली का म्हनत, उमराव असन. मी म्हटलं, लावून देऊ का? त नाही म्हनले. माह्यापाई त्याचा डाव अडला, रागावला असन म्हनले."

उमराव मोटारसायकल काढून दरेकसाला गेला. सकाळी निघून दुपारच्या आत पोचला. इतकं जवळ होतं हे कळल्यावर तो परक्या अंगणात बसून ढसाढसा रडला. आत खाटेपाशी पट मांडलेला होता.

परत येऊन त्याने गटात नवा नियम टाकला: चाल नाही आली, तर आधी माणूस पाहा. कोणीतरी लिहिलं, म्हणजे सामना तुम्ही जिंकलात. त्याने गट मिटून फक्त दोघांचं चॅट उघडलं. केशोरावांच्या शेवटच्या निरोपाखाली, "जेवलास का"च्या खाली, त्याने लिहिलं, "तुमी जेवले का, काका?"

टिक एकच उमटली. दुर्गेश्वरीने तो मोबाईल बंद करून ठेवला होता.