बाह्या एका कंपनीच्या, पाठ दुसऱ्या

मंगळवारी वन्सं गेल्या. सकाळी त्यांनी चहा घेतला आणि पेपर मागितला. मी पेपर घेऊन आले तेव्हा त्या गेल्या होत्या.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची मोठी बहीण. भेटायला येणारी माणसं खुर्चीत जरा स्थिरावली की हळूच विचारतात, "त्यांचं सासर सांगलीचं ना? मग इथं कऱ्हाडात कशा?" याचं खरं उत्तर द्यायचं तर विणकामाच्या मशीनपासून सुरुवात करावी लागते, आणि तेवढा वेळ समाचाराला आलेल्या माणसांकडे नसतो.

सत्तरच्या त्या दशकात कऱ्हाडच्या बायकांत विणकामाच्या मशीनचं वारं आलं होतं. लांबट पट्टी, तिच्यात ओळीनं बसवलेल्या सुया, आणि वरून इकडून तिकडे सरकवायचा एक लोखंडी सांगाडा. त्याला आम्ही गाडी म्हणत असू. गाडी एकदा सरकली की स्वेटरची एक ओळ तयार. वन्सं अशाच एका उन्हाळ्यात सासरहून आल्या त्या परत न जायचं ठरवून. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. माझे सासरे, आमचे मामंजी, माण तालुक्यातले, बोलणं मोजकं. ते लेकीला एवढंच म्हणाले, "दिवाळीला तुझा दीर न्ह्यायला येणार हाय. तवर हातात काम धर. मग कोण न्हेतंय, बघू."

वन्संनी पाटल्या मोडल्या आणि मशीन घेतलं. मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी किरमिजी स्वेटरांचं काम देऊ केलं होतं. नाताळच्या सुट्टीआधी माल पोचला तर पुढच्या वर्षीही काम त्यांनाच, नाहीतर ते पुण्याच्या दुकानाला.

आमच्या मशीनबरोबर जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं, माणूस आला नाही. मी वाचनालयात नोकरीला, त्यामुळे पुस्तक या शब्दावर माझा फार विश्वास. माझं लिहायचं टेबल गेलं मशीनखाली, माझी पुस्तकं गेली गव्हाच्या कोठीवर, आणि मी उभी राहून एकेक वाक्याचं मराठी करू लागले. "वजने समान अंतरावर टांगावीत. कर्त्याने सैल बसावे." वन्सं म्हणाल्या, "कर्ता सैलच बसलाय. सूत कुठनं घालायचं ते सांग."

समोर स्टेशनवाल्या बाई राहत. यजमान रेल्वेत, म्हणून आळीनं त्यांना दिलेलं हे नाव. त्यांनी दुसऱ्या कंपनीचं मशीन घेतलं होतं. त्यांच्याकडे पुस्तक नव्हतं, माणूस आला होता. त्यानं मशीन बसवून दिलं, दोन वेळा पोहे खाल्ले आणि एक कार्ड टाका, हजर होतो, असं सांगून गेला. बाई दारात उभ्या राहून ऐकवत, "ताई, झालं का तुमचं पुस्तक वाचून? माझी एक पाठ विणून झाली बगा!"

"तुमचं मशीन केवढं खडखडतंय," वन्सं म्हणत. "स्टेशनात राहिल्यासारखं वाटत असेल तुम्हाला."

तिसरं मशीन डॉक्टरांच्या घरी होतं, परदेशातून आणलेलं. पेटी उघडली की तयार, नक्षीसाठी भोकं पाडलेली पुठ्ठ्याची पत्ती, पहिल्याच दिवशी फुलं उमटलेली. फक्त पुस्तक जपानी आणि एक सुई मोडली तर मुंबईपर्यंत दुसरी नाही. म्हणून डॉक्टरीणबाई त्याला हात लावत नसत. क्रोशाच्या रुमालाखाली ते वर्षानुवर्षं नवं राहिलं.

आमचं हळूहळू जमत होतं. तेवढ्यात मामंजी गावाहून पोतं भरून लोकर घेऊन आले. आपल्याकडच्या मेंढरांची, घोंगडीसाठी हातानं कातलेली, काळीभोर. "घरची लोकर असताना इकतची कशाला नासायची? हिच्यावर हात बसवा." म्हणणं रास्त होतं. वन्संनी ती घातली. चार ओळी झाल्या. पाचव्या ओळीला गाडी मध्येच अडली आणि वन्संनी जोर लावला. लोकरीत कुसळं होती, काटे होते, सगळं माळरान होतं. मधल्या सुयांची ओळ गवतावरून बैल गेल्यासारखी आडवी झाली.

मामंजी सुयांवर वाकले. "मशीन नाजूक हाय," म्हणाले आणि पानाची चंची शोधायला लागले.

कंपनीला मी पत्र लिहिलं. उत्तर छापील आलं. हमी फक्त कंपनीच्या लोकरीवर आहे, सुया मागणीच्या क्रमाने पाठवू. वन्संनी ते वाचून घेतलं आणि त्या रात्री जेवल्या नाहीत. स्टेशनवाल्या बाईंचीही शोभा झाली होती. त्यांच्या मशीनवर रुंद काम सरळ होई, पण अरुंद घेतलं की टाके गळत. कार्डं टाकून झाली होती. पोहेवाला काही आला नाही.

सकाळी वन्सं उठल्या त्या कडेच्या चांगल्या सुया काढून मधे बसवत बसल्या. मशीन अर्ध्याहून कमी रुंदीचं झालं. एवढ्यात काय होईल? बाह्या होतील. त्या रस्ता ओलांडून गेल्या.

"बाई, तुमच्यावर पाठ-पोट निघेल का?"

"लय निघंल. पन बाह्या?"

"बाह्या माझ्याकडे."

तेव्हापासून दोन्ही कंपन्या एका स्वेटरात नांदू लागल्या. बाह्यांची वीण जरा घट्ट, अंगाची जरा सैल.

भाऊबीज झाली आणि वन्संचे दीर आले. सोफ्यावर टेकतात न टेकतात तोच वन्संनी त्यांना दोन्ही हात पुढे करायला सांगितले आणि मनगटांवर लोकरीची लड चढवली. समोर बसून त्या गुंडा करू लागल्या. हात बांधलेला माणूस, चहाही मी बशीनं पाजला.

"मग कवा निघायचं, वहिनी?"

"एवढी लड होऊ दे, भावजी."

ती झाली, दुसरी चढली. स्टेशनवाल्या बाई आल्या आणि म्हणाल्या, "हात खाली नका सोडू, दादा, गुंता हुतोय. आवं, वर!" दीर वर करून बसले. चारची एसटी चुकली. वन्सं एकदाच थांबल्या. त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "भावजी, मी येणार नाही. घरी सांगा, काम आहे म्हणून."

दीर लडीसकट हात घेऊन पुढे सरकले. मग म्हणाले, "सांगतो. हे उतरवा आधी."

ते सहाच्या गाडीनं एकटे गेले. पुन्हा कुणी न्यायला आलं नाही.

माल वेळेत पोचला. मोठ्या बाईंनी एक स्वेटर उजेडाकडे धरून विचारलं, "बाह्या वेगळ्या दिसतात का?"

"मुलींचे हात जास्त चालतात," वन्सं म्हणाल्या. "म्हणून घट्ट ठेवल्या."

काम पुढच्या वर्षीही मिळालं, त्याच्या पुढच्याही. कंपनीच्या सुया पावसाळ्यात आल्या, दुसऱ्याच मापाच्या.

वन्सं उरलेलं सगळं आयुष्य या घरात राहिल्या. मामंजी गेले, पुढे माझे यजमान गेले. आता घरात मी आहे. स्टेशनवाल्या बाई दुपारी येतात आणि आम्ही दोघी बसतो.