बंद राहिलेला कॉक

नातवाच्या ट्रॅक्टरमध्ये डिझेल ओतताना हातावर सांडलं आणि त्या वासासरशी निजामाच्या अमलातला मांजरसुंब्याचा घाट आठवला.

मी देशमुखांच्या डिझेल लॉरीवर ड्रायव्हर होतो. भर दुपारी चढावर लॉरी बंद पडली. सेल्फ मारून मारून थकलो, पण ती चालू होईना.

“कावून बंद पडली बे?” शेजारी बसलेले देशमुख खेकसले.

नोकरी जाईल या भीतीनं मी रस्त्यावरच्या म्हाताऱ्या धनगराकडं बोट केलं. “मालक, याची मेंढरं आडवी गेली. घाटातली देवी कोपली.”

“लई चुकलं, मालक,” म्हणत धनगरानं देवीसाठी एक कोकरू चाकापुढं ठेवलं. देशमुखांनी ते उचलून लॉरीत टाकायला लावलं.

मग मी बॉनेट उघडलं, तर टाकीतून डिझेल सोडायचा कॉकच बंद! पायथ्याला थांबलो तेव्हा मीच बंद केलेला. नळीत उरलेल्या डिझेलवर गाडी तेवढी चढली होती. गुपचूप कॉक उघडला, नळीतली हवा काढली आणि लॉरी चालू झाली. धनगरानं तिला हात जोडले.

तेव्हा वाटलं, सुटलो. पण घाटभर मागं कोकरू ओरडत होतं आणि ते ऐकू येऊ नये म्हणून मी मोकळ्या रस्त्यावर हॉर्न वाजवत होतो.