हेलेना गावात माती दिलेला मुलगा

मेम्फिसच्या दक्षिण अंगाला, रुळांच्या पलीकडे ओझेला क्रचर राहायची. कोवळ्या वयात कापसाच्या शेतातून उठून ती या शहरात आली आणि इथलीच झाली. इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी धुता धुता तिचे केस पिकले. मधे नवरा छातीच्या दुखण्याने गेला. पण लोकांना ती ठाऊक होती ती माशांसाठी. शुक्रवारी चर्चच्या मागच्या अंगणात ती मिशाळ मासे मक्याच्या पिठात घोळवून कढईत सोडायला लागली, की वास पार कोपऱ्यावरच्या न्हाव्यापर्यंत जायचा, आणि अर्धी दाढी झालेली माणसंसुद्धा रांगेत येऊन उभी राहायची.

तिचा एकुलता मुलगा रूझवेल्ट, घरचा वेल्ट, त्यावरून तिला चिडवायचा. "आई, ही माणसं देवासाठी येतात असं समजू नकोस. माशांसाठी येतात."

"येईनात का. देव कुणाला कारण विचारत नाही."

वेल्ट नदीवर कामाला होता. बार्ज, म्हणजे मालाचे सपाट तराफे, ढकलणाऱ्या बोटीवर महिना काढायचा, मग पंधरा दिवस घरी. बायको जोनेटा आणि चार वर्षांची डेनिस ओझेलापाशीच असत. त्या साली एप्रिलात नदी एवढी फुगली, की पलीकडची अर्कान्सासची शेतं दिसेनाशी झाली. एका संध्याकाळी बार्ज बांधायचा तारेचा दोर आवळताना वेल्टचा पाय सरकला आणि तो दोन बार्जच्या मधल्या फटीतून खाली गेला. सोबतच्यांनी दिवे मारले, गळ टाकले. काही हाती लागलं नाही.

कंपनीची दोन माणसं टोप्या हातात धरून दारात आली, तेव्हा ओझेला ओसरीवर शेंगा निवडत होती. त्यांचं सगळं तिने ऐकून घेतलं.

"सापडला का?"

"नाही, बाई."

"मग इथे काय करताय? जा, शोधा."

शोध चार दिवसांनी थांबला. शेजारपाजारच्या बायका डबे घेऊन यायच्या, बसायच्या, काय बोलावं ते न सुचून उठून जायच्या. मेलेल्याच्या घरी कसं वागायचं ते त्यांना ठाऊक होतं. या घरी कसं वागायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. डेनिस येईल त्याला सांगायची, बाबा बोटीवर आहेत, येताना मला लाल बूट आणणार आहेत. जोनेटा ते ऐकून आत निघून जायची. महिना उलटला तसा तिने विषय काढला, की पाळकांना सांगून प्रार्थना करून घेऊ, पेटी ठेवू, नाव कोरू. ओझेला ऐकेना.

"रिकामी पेटी मी जमिनीत घालणार नाही. बियाणं पेरायचंय का मला?"

"मा, मी काळे कपडे घालायचे की नाही, तेवढं तरी सांगा," जोनेटा म्हणाली. "सधवा आहे की विधवा, तेच मला कळत नाहीये."

ओझेला उठून ओसरीवर जाऊन बसली. घाटावरचे जुने कोळी तिला सांगून गेले होते, की पाणी तापलं की नदी धरलेलं सोडते, बुडालेला वर येतो. ती पाणी तापायची वाट बघत होती.

जूनमध्ये पूर ओसरला, वाळूचे पट्टे उघडे पडले, आणि नदीच्या खालच्या अंगाच्या हेलेना गावाहून निरोप आला. एक माणूस काठाला लागला होता, काळा, उंच, तिशीचा. जोनेटा निघाली, पण ओझेलाने तिला पोरीपाशी थांबवलं आणि सकाळच्या बसने एकटीच गेली.

चेहरा दाखवण्यासारखा उरला नव्हता. शेरीफच्या कचेरीतल्या तरुण शिपायाने चादरीखालून फक्त डावा हात बाहेर काढला. लहानपणी दारात सापडून वेल्टच्या करंगळीचं टोक गेलं होतं. ही करंगळी धड होती.

"माझा नाही," ती म्हणाली, आणि तिला आनंद झाला. बाहेर उन्हात आल्यावर त्या आनंदाचीच तिला लाज वाटली. ती परत आत गेली. याचं आता काय करणार, असं तिने विचारलं.

"दुपारी सरकारी जागेत पुरतील, मावशी."

"त्याचं कोण येणार?"

"कोण येणार? नावच माहीत नाही."

दुपारची बस तिने जाऊ दिली. खड्डा खणणारे दोघे होते आणि असल्या कामाला नेहमी येणारा एक म्हातारा पाळक. कोणत्या नावाने प्रार्थना करू, म्हणून तो अडला.

"कुणाचा तरी मुलगा म्हणा," ओझेला म्हणाली. "तेवढं तर खरंच आहे."

तिने गुडघ्यांवर बसून मूठभर माती लोटली. कुठेतरी आपल्यासारखीच एक बाई ओसरीवर बसून रस्त्याकडे बघत असेल, आणि तिला हे कधीच कळणार नाही, हे तिच्या मनात आलं. मग आपल्या पोराचा विचार आला. वेल्ट कुठे वर आलाच असेल, तर त्याच्याही खड्ड्यापाशी कुणी बाई उभी राहिली असेल का?

ती घरी आली तेव्हा जोनेटा दारातच उभी होती. ओझेलाने मान हलवली.

"नव्हता. पण एका पोराला माती देऊन आले." खुर्चीत टेकल्यावर ती म्हणाली, "पाळकांना सांग. रविवारी करून घेऊ. आणि तू काळे कपडे घाल, बाई. माझी हरकत नाही."

पेटी ठेवली नाहीच. वेल्टचा फोटो आणि टोपी ठेवली. पांढऱ्या कपड्यांतल्या चर्चच्या सेविका हातपंख्याने लोकांना वारा घालत होत्या. मधेच डेनिसने मोठ्याने विचारलं, बाबा बोटीवर आहेत ना? ओझेलाने पोरीला मांडीवर घेतलं.

"नाही गं राणी. बाबा बोटीवर नाहीत. बाबा गेले."

त्यानंतर ओझेलाने नदीचा मासा हाती धरला नाही. एकदा चर्चमधल्या एकीने भीत भीत विचारलं. ओझेला म्हणाली, ते मासे काय खाऊन मोठे झालेत, मला कसं कळणार? पुन्हा कुणी विचारलं नाही.

दोन वर्षांनी सेंट लुईसचा एक माणूस जोनेटाला मागणी घालायला लागला. पोस्टात होता, शांत होता. जोनेटाला सासूपुढे तोंड उघडायला धीर होईना.

शेवटी ओझेलाच म्हणाली, "सांगायचंय ते सांगून टाक. गल्लीने मला केव्हाच सांगितलंय."

"मा, वेल्टचं नाव सोडायला जीव होत नाही."

"दुसऱ्याच्या घरात आमचं नाव घेऊन कशाला राबतेस? ठेव इथे. मी सांभाळते."

लग्नाचा झगा ओझेलानेच शिवला. त्या दोघी गेल्यावर घर एवढं मोठं झालं, की मागची खोली तिने बंदच करून टाकली.

वेल्ट कधी सापडला नाही. डेनिस उन्हाळ्याला यायची, दर वर्षी बोटभर उंच होऊन. बारा-तेरा वर्षांची झाली तशी तिची चाल थेट बापावर गेली, खांदा किंचित पुढे टाकून चालायची. रविवारी चर्चला निघाल्या की ती आजीसाठी थांबायची, हात पुढे करायची. ओझेला हात धरायची नाही, त्या खांद्याकडे बघत राहायची.

"तू चल पुढे," ती म्हणायची. "माझे गुडघे दुखतात, मी येते मागून सावकाश."